मन्थ्स, टास्क्स, सिक्स्थ्स... शेवटच्या 'स'पर्यंत पोचायचं कसं?

जिभेची_गाठ:

मंडळी, प्रश्न वाचून हसू नका. माझं इंग्रजी तसं ठीकठाक आहे, लिहिताना अडत नाही, बोलतानाही फारसं अडत नाही, पण काही शब्दांचं अनेकवचन समोर आलं की जी तंतरते ती तंतरतेच. मन्थ म्हणता येतं, मन्थ्स म्हणता येत नाही. टास्क येतं, टास्क्स येत नाही. एक असेपर्यंत सगळं सुरळीत, दोन झाले की बोंब.

मागच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंग होती, मी स्क्रीन शेअर करून बोलत होते आणि खाली लाइव्ह कॅप्शन चालू होतं. मी म्हणाले 'ऑल पेंडिंग टास्क्स आर डन' आणि खाली उमटलं 'ऑल पेंडिंग टॅक्स आर डन'. एकानं लगेच चॅटमध्ये लिहिलं, अभिनंदन, माझाही भरून टाका. बरं हे एकवेळ ठीक, पुढच्या स्लाइडवर 'टेस्ट्स' होतं, मी आता घाबरून एकेक अक्षर फोडून सावकाश म्हटलं, आणि त्यानंतर कॅप्शननं जे छापलं ते मी इथे लिहिणार नाही, टेस्ट्समध्ये एक जादा स्वर घुसला की पुरुषांच्या शरीरशास्त्रातला एक शब्द तयार होतो एवढंच सांगते. तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही. ते तीन सेकंद मला अजून झोपेत आठवतात.

माझी यादी अशी: मन्थ्स, क्लोद्स, टेस्ट्स, लिस्ट्स, टास्क्स, रिस्क्स, टेक्स्ट्स, लेंग्थ्स आणि सगळ्यांचा बाप सिक्स्थ्स. आरशासमोर उभं राहून एकटा शब्द म्हटला तर कसाबसा येतो, वाक्यात आला की गेला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते खरंच हे सगळं म्हणतात का, आणि मराठी जिभेला जमेल अशी काही युक्ती आहे का?

रफार:

अहो कशाला एवढा त्रास करून घेता. समोरच्याला कळलं ना, बास. त्यांना आपलं 'ळ' येतं का? मी सरळ 'टू मन्थ' म्हणतो, आकडा आधी आलाच आहे, एकापेक्षा जास्त आहेत हे शेंबड्या पोराला पण कळतं.

जिभेची_गाठ:

रफार, आकडा असेल तिथे चालेल हो, पण 'टास्क्स आर डन'मध्ये आकडा कुठाय? आणि 'ळ'चा मुद्दा मान्य, पण मीटिंग त्यांच्या भाषेत आहे ना.

पोटफोड्या_ष:

मी काही वर्षं इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे हा आजार जवळून बघितलाय. उत्तर लांबणार आहे, धीर धरा.

आधी निदान. मराठी माणसाला जोडाक्षरं जड जातात असं कोणी म्हणालं तर त्याला 'ज्योत्स्ना' म्हणून दाखवायचं. त्, स्, न् असे तीन व्यंजन एका श्वासात जातात आपले. 'कार्त्स्न्य' नावाचा एक संस्कृत शब्द आहे, त्यात र् त् स् न् य् असे पाच सलग आहेत, तोही वाचतोच आपण. म्हणजे जीभ काही मठ्ठ नाही. अडचण जोडाक्षराची नाहीये, जोडाक्षर शब्दाच्या टोकाला येऊन तिथेच संपण्याची आहे.

हे बघा, 'घर', 'पाच', 'आज' यात शेवटचा अ आपण गिळतो, घर् पाच् आज् असंच म्हणतो. पण 'शब्द', 'मित्र', 'कष्ट', 'रक्त' म्हणून बघा, इथे शेवटचा अ गिळत नाही, तो पूर्ण येतो. मराठीचा हा नियमच आहे, टोकाला जोडाक्षर आलं की त्याला अ चा टेकू द्यायचा. आणि टेकू द्यायची सवय इतकी खोल आहे की 'एक' ला 'च' लावलात की एक्च् होत नाही, क ला त्याचा गिळलेला अ परत मिळतो, ए-कच्. 'आज'चं 'आजच' करा, ज चा अ परत आला. जिभेला दोन व्यंजनं एकमेकांवर आपटून शब्द संपवणं मुळात आवडतच नाही. मग तिला 'टेस्ट्स' दिला की ती काय करणार, टेकू शोधणार, टेस्टस, टेस्टेस, आणि तुमचं शरीरशास्त्र तयार.

आता औषध, आणि ते घरातच आहे. मराठीत 'च' दोन आहेत हे शाळेत शिकलो होतो, लिहिताना मात्र दोघांना एकच कपडे घालतो त्यामुळे विसरतो. एक 'चित्र', 'चंद्र', 'चार' मधला तालव्य. दुसरा 'चोर', 'चूल', 'पाच', 'काच' मधला दंततालव्य. हा दुसरा च सावकाश म्हणा, जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि लगेच सुटून 'स' सारखी हवा येते. म्हणजे तो आहे काय? त् अधिक स्. इंग्रजीतल्या कॅट्स, लाइट्स, पार्ट्सच्या शेवटी जे आहे ना, तेच. ब्रिटिश माणूस पार्ट्स म्हणताना र म्हणत नाही, आता त्याचा पार्ट्स ऐका आणि आपला 'पाच' ऐका. कार्ट्स आणि 'काच'. आपण लहानपणापासून दिवसात शंभरदा हा आवाज शब्दाच्या टोकाला काढतोय, अ न लावता, कारण लिपीत ते एकच अक्षर आहे आणि टेकूचा नियम त्याला लागत नाही!

तसंच 'आज' मधला ज म्हणजे द् अधिक झ. बेड्स, किड्स, कार्ड्सच्या शेवटी हाच. ब्रिटिश कार्ड्स म्हणजे जवळपास आपलं शर्टाचं 'काज'.

आणि म्हणूनच माझं पहिलं सांगणं, अनेकवचन मनातल्या मनात 'ट्स' असं लिहू नका. आपला ट म्हणजे जीभ मागे वळवून टाळ्याला लावणं, आणि स पुढे दाताशी. ट वरून स वर यायला जिभेला पार मागून पुढे पळत यावं लागतं आणि तेवढ्या वेळात अ घुसतो. इंग्रजीचा टी मुळात आपल्या ट इतका मागे नसतोच, तो स च्या शेजारीच असतो. 'कॅट्स' ऐवजी 'कॅच' वाचा, फक्त च पाच मधला. 'लाइट्स' म्हणजे 'लाइच'. लिहिलेलं विचित्र दिसेल, ऐकायला एकदम चोख येईल.

आता मन्थ्स. इथे थ आहे आणि तो खरा खलनायक. आपला थ म्हणजे जीभ दाताला घट्ट लावायची आणि मग फट्कन हवा सोडायची, 'थाप' म्हणताना तोंडापुढे हात धरला तर वारा लागतो. ती हवा सोडली की पाठोपाठ स्वर येतोच, म्हणून 'मन्थस'. इंग्रजी थ मध्ये जीभ दाताला नुसती टेकलेली असते, दार बंद होतच नाही, फटीतून हवा चालू राहते. आणि गंमत म्हणजे घाईत बोलताना खुद्द इंग्रजी बोलणारेही अनेकदा तो थ पूर्ण म्हणत नाहीत, न वरून स वर जाताना मध्ये एक चोरटा त होतो आणि ऐकू येतं 'मन्त्स'. म्हणजे काय? मन अधिक पाचचा च. 'सगळं त्याच्या मनचं झालं' हे वाक्य म्हणा. 'मनचं' मधला शेवटचा स्वर गिळा. झाले तुमचे मन्थ्स.

एक खबरदारी मात्र घ्या, ते 'मंथ्स' असं अनुस्वारानं डोक्यात ठेवू नका. थ गाळायच्या नादात 'मंस' झालं की आपला अनुस्वार स च्या आधी भलताच वागतो, 'संसार' आपण सौंसार असा काहीसा म्हणतो, मग मन्थ्सचा 'मौंस' होईल आणि कॅप्शनमध्ये उंदीर येईल.

जिभेची_गाठ:

अहो काय सांगताय!! मी इथे बसून 'पाच, काच, नाच, टाच' करतेय, घरातले बघायला लागलेत. कॅच (पाचवाला) खरंच कॅट्स वाटतोय. रेकॉर्ड करून ऐकलं, मन्थ्स पण झालं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पण टेस्ट्सला ही युक्ती लावली तर 'टेस्च' होतं आणि परत शेवटी अ येतोय. आणि टास्क्सला तर क आहे, तिथे च कुठून आणू?

पोटफोड्या_ष:

टेस्ट्सचं सोपं करून सांगतो. दोन वाटा आहेत.

पहिली, मधला टी गाळा. टेस्ट्स, लिस्ट्स, कॉस्ट्स यांच्यात दोन स च्या मध्ये तो टी चेंगरलेला असतो आणि पटापट बोलताना भलेभले तो गाळतात. मग उरतं 'टेस्स', म्हणजे स जरा लांब. किती लांब, तर 'दुस्सह' मध्ये जेवढा स्स आहे तेवढा. त्या लांबीवरूनच ऐकणाऱ्याला कळतं की मधे काहीतरी होतं. तो शेवटचा स मात्र कोणत्याही परिस्थितीत खाऊ नका, अनेकवचन त्याच्यात आहे. मधला गेला तर चालतो, टोकाचा गेला तर अर्थ गेला, आणि आपण नेमकं उलटं करतो, मधल्या सगळ्यांना मान देतो आणि टोकाला पोचेपर्यंत दम संपतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते. शब्द एकटा म्हणायचाच कशाला? वाक्यात पुढे काहीतरी येतंच, आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर टोकाचं ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं. जोडाक्षर शब्दाच्या मधे आलं की आपण राजे आहोत, 'बसचा नंबर' म्हणताना स् आणि च सलग येतात, कोण अडखळतं? मग 'टेस्ट्स आर' म्हणजे 'टेस-चार', च अर्थात चोराचा. 'लिस्ट्स ऑफ' घ्या, पटकन बोलताना ऑफचा नुसता 'अव' उरतो, म्हणजे झालं 'लिस-चव'. 'पार्ट्स ऑफ' म्हणजे 'पा-चव'. 'मन्थ्स ऑफ' म्हणजे 'मन-चव'. जिभेची चव म्हणतो तीच चव, तोच च. इंग्रजी बोलणारेही असंच बोलतात बरं का, त्यांच्या शब्दांच्या भिंती फक्त कागदावर असतात.

अर्धमात्रा:

वरचं सगळं झकास आहे, टास्क्सचं मी सांगतो कारण माझं स्वतःचं त्यात फार रक्त आटलंय. मी ऑडिओसाठी वाचन करतो आणि एका स्क्रिप्टमध्ये 'रिस्क्स' सतरा वेळा होतं. सतरा! पहिल्या दिवशी सतरापैकी अकरा रिटेक.

तुमचं टास्क्सचं टॅक्स झालं ना, त्यात स आणि क ची अदलाबदल झाली. स-क-स म्हणायचं होतं, जिभेनं क-स म्हणून हिशोब मिटवला, कारण क्स आपल्याला ओळखीचा आहे, टॅक्सी, बॉक्स, वगैरे. डेस्क्सचं डेक्स, मास्क्सचं मॅक्स, सगळं याच जातीचं. त्यामुळे इथे पहिल्या स वर जरा जास्त वेळ बसायचं. असं करा: 'टास्स्स्स' म्हणत हवा चालू ठेवा, साप फुत्कारतो तशी. ती हवा चालू असतानाच जिभेचं मागचं टोक वर नेऊन एकदाच टिचकी मारा, क 'म्हणू' नका, नुसती हवा क्षणभर अडवा आणि सोडा. परत फुत्कार. टास्स् टिक स्स्. क ला श्वास द्यायचा नाही, आवाज द्यायचा नाही, तो फक्त सापाच्या अंगावरचा एक पट्टा. हळूहळू दोन्ही फुत्कार आखूड करत आणायचे.

अजून एक, शब्द मागून बांधत यायचा. पुढून सुरुवात केली की 'टा' वर सगळा जोर जातो आणि शेपटाला काही उरत नाही. आधी नुसतं 'स'. मग 'क्स'. मग 'स्क्स'. मग 'आस्क्स'. मग 'टास्क्स'. प्रत्येक पायरी चार-पाचदा. गायक मंडळी अवघड तान शेवटच्या तुकड्यापासून बसवतात, तसलाच प्रकार. मी त्या सतरा रिस्क्स असेच काढले, दुसऱ्या दिवशी दोन रिटेक.

आणि थ बद्दल एक पुरवणी. पोटफोड्या_ष यांनी मन्थ्सचं 'मनच' केलं ते चालतं, पण डेप्थ्स, लेंग्थ्स, फिफ्थ्स अशा ठिकाणी खरा थ्स येतोच कधीतरी. तो आला की दोन वेगळे आवाज समजू नका. जिभेचं टोक दाताच्या कडेला हलकं टेकवा, हवा सोडत राहा, आणि हवा न तोडता जीभ फक्त थोडी मागे सरकवा. आवाज आपोआप थ चा स होतो. हार्मोनियमचा भाता चालू आहे आणि बोट एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गेलं, बास. आपण काय करतो, भाताच थांबवतो.

एका गोष्टीवर मात्र माझं पोटफोड्या_ष यांच्याशी भांडण आहे. मधला टी गाळा हे सगळ्यांना सरसकट सांगू नये. फॅक्ट्सचं फॅक्स होतं, प्रॉडक्ट्सचं प्रॉडक्स होतं, ते खपून जातं, पण इन्सेक्ट्समधला टी गाळून बघा काय होतं ते. मोठ्यानं नको.

पोटफोड्या_ष:

हाहा, मान्य. पण तो गोंधळ इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होतोच, मुलं वर्गात खिदळतात त्यावर. मागचा-पुढचा संदर्भ असतो म्हणून निभावतं. मी गाळा म्हणालो ते मुख्यतः दोन स च्या मधला, तिथे लांब स पुरावा म्हणून शिल्लक राहतो. फॅक्ट्समध्ये तसा पुरावा राहत नाही हे तुमचं बरोबर. सावकाश आणि महत्त्वाचं बोलताना टी ठेवा, भरभर बोलताना गेला तर जीव देऊ नका.

जुनी_बाराखडी:

उशिरा आलो पण कोणी क्लोद्सबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो. ताई, क्लोद्समधला द म्हणायची गरजच नाही. दार बंद करायचं 'क्लोज' आहे ना, ज्याच्या शेवटी झ येतो, अगदी तसंच म्हणा. हा काही आळशी उच्चार नाही, चांगल्या डिक्शनऱ्यांमध्ये दोन्ही उच्चार दिलेले असतात. आणि जुना आहे, शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये ऑफिलिया वेडाच्या भरात जे गाणं म्हणते त्यात 'रोझ' आणि 'क्लोद्स' यांचं यमक आहे. द म्हटला तर यमक जुळत नाही. चारशे वर्षं लोक तो द खातायत, तुम्ही कशाला उपाशी राहता. फक्त 'क्लॉथ्स', म्हणजे कापडाचे तुकडे, हा वेगळा शब्द, त्यात थ राहतो.

आणि ज्या चुकीला तुम्ही सगळे हसताय ना, टास्क्सचं टॅक्स, तिचं खानदान फार मोठं आहे. विचारणे या अर्थाचा 'आस्क' जुन्या इंग्रजीत दोन्ही प्रकारे होता, स आधी आणि क आधी. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'अ‍ॅक्स' लिहितो. १५३५ सालच्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये 'मागा म्हणजे मिळेल' या वाक्यात अ‍ॅक्सच छापलंय. आजही इंग्रजीच्या काही बोलींमध्ये अ‍ॅक्स म्हणतात. म्हणजे स-क ची अदलाबदल ही मराठी जिभेची खोड नाही, त्यांच्याच जिभेनं आधी केलेली आहे.

आणि टेकूचा अ लावतो म्हणून आपल्याला वाईट वाटतं, तर ऐका. चॉसरच्या काळात अनेकवचनाचा 'एस' स्वतंत्र उच्चारला जायचा, स्टोन्सचा उच्चार 'स्टोनेस'च्या अंगानं व्हायचा. नंतर मधला स्वर झिजला आणि व्यंजनं एकमेकांवर येऊन आदळली. फक्त जिथे आदळणं अशक्यच होतं तिथे स्वर राहिला, बसेस, बॉक्सेस, चर्चेस. म्हणजे हे टेस्ट्स, टास्क्स वगैरे त्या स्वराच्या मढ्यावर उभे आहेत. मन्थ शब्दातसुद्धा पूर्वी न आणि थ च्या मध्ये स्वर होता, १६११ च्या किंग जेम्स बायबलात स्पेलिंगमध्ये तो ई दिसतो, न आणि थ च्या मधे. अमेरिकेत काळ्या लोकांच्या इंग्रजीत तर डेस्कचं 'डेस' आणि अनेकवचन 'डेसेस' असं होतं, त्याला भाषेचे अभ्यासक पद्धतशीर नियम मानतात. तुम्ही घातला तो टेकू बेकायदेशीर नाही, फक्त आजच्या मीटिंगमध्ये चालत नाही इतकंच.

रफार:

म्हणजे मी 'टू मन्थ' म्हणतो ते पण कोणत्यातरी शतकात बरोबर असेल.

जुनी_बाराखडी:

थट्टा करू नका, आहे. जुन्या इंग्रजीत मन्थचं अनेकवचन एकवचनासारखंच राहायचं, स लागलेलं रूपही होतं पण बिनशेपटाचंही होतं. तुम्ही हजार वर्षं उशिरा जन्मलात.

रफार:

बघा!! मी आधीपासून सांगतोय.

कान_टवकारून:

एक छोटा प्रश्न मधेच. माउथचं अनेकवचन मी 'माउथ्स' म्हणायचो, एकानं सांगितलं चूक आहे. का?

पोटफोड्या_ष:

कारण तिथे थ चा आवाज बदलतो. एकवचनात नुसती हवा असते, अनेकवचनात कंठ पण वाजतो, म्हणजे आपल्या द कडे झुकतो आणि पुढचा स पण झ होतो. 'माउद्झ'. घशावर बोट ठेवून म्हणा, शेवटपर्यंत कंप लागला पाहिजे. नाइफचं नाइव्ह्झ होतं ना, फ चा व होतो, त्याच घरातला प्रकार, फरक एवढाच की तिथे स्पेलिंग बदलून सांगतात आणि इथे मुकाट्यानं बदलतात. तुमच्यासाठी सोपंच आहे, 'आज' चा ज घ्या, 'माउज', जवळपास पोचाल. मन्थ मात्र बदलत नाही, तिथे न आडवा येतो. सगळ्यांना एकच नियम लावायला जाऊ नका.

जिभेची_गाठ:

मंडळी, रिपोर्ट द्यायला आले. चार दिवस झाले. रोज अंघोळ करताना स-क्स-स्क्स-आस्क्स-टास्क्स चालू आहे, बाहेरून विचारणा झाली की प्रेशर कुकर आत नेलाय का. आज मीटिंग होती. कॅप्शन चालू ठेवलं मुद्दाम, म्हटलं होऊन जाऊ दे. 'टास्क्स' बरोबर उमटलं. 'टेस्ट्स आर' म्हणताना मनात 'टेस-चार' म्हटलं, अडखळले नाही, बरोबर उमटलं. 'थ्री मन्थ्स ऑफ डेटा' साठी 'मन-चव' केलं आणि नेमकं त्याच क्षणी चव हा शब्द डोक्यात येऊन मला हसू फुटलं, ते सावरून नेलं. लिस्ट्सला घोळ झाला, कॅप्शननं 'लेस' लिहिलं, पण वाक्यावरून कळलं असेल. क्लोद्सची वेळच आली नाही, जुनी_बाराखडी काका तुमची ऑफिलिया राखून ठेवलीय.

सापाचा पट्टा ही युक्ती सगळ्यात उपयोगी पडली. अर्धमात्रा, तुमच्या सतरा रिस्क्सना नमस्कार.

पण सिक्स्थ्स. सिक्स्थ्सचं काय? क, स, थ, स. च चालत नाही, साप चालत नाही, भाता पण फुटतो. पुढच्या आठवड्यात मला एका चार्टवर अपूर्णांक वाचायचेत.

अर्धमात्रा:

सिक्स्थ्स कोणालाच येत नाही. म्हणजे येतं, पण भरभर बोलताना थ सगळ्यात आधी पळतो आणि उरतं 'सिक्स्स', स लांब. किंवा पहिला स पळतो आणि 'सिक्थ्स' राहतं. तुम्ही पहिलंच करा, सिक्स म्हणून स ला थोडं ताणा, आणि ताणताना मधेच एकदा जिभेचं टोक दाताला लावून मागे घ्या. लावलं न लावलं असं. ऐकणाऱ्याला थ 'दिसतो'.

कान_टवकारून:

टू सिक्स्थ्स असेल तर वन थर्ड म्हणा. थ्री सिक्स्थ्स असेल तर हाफ. फोर सिक्स्थ्स म्हणजे टू थर्ड्स, तिथे शेवटी आजचा ज. संक्षेप करून टाका, गणितानंच सुटका.

जिभेची_गाठ:

अय्या हे सुचलंच नव्हतं! थांबा चार्ट बघते.

जिभेची_गाठ:

फाइव्ह सिक्स्थ्स आहे.

कान_टवकारून:

बापरे. त्याचा संक्षेप होत नाही.

रफार:

पॉइंट एट थ्री थ्री थ्री थ्री म्हणा. दम लागेपर्यंत.